किंडरच्या माथ्यावरचा पाऊस

किंडर स्काउटवर पाऊस नवा नाही, पण मार्चमधल्या त्या दिवशी तो इतका कोसळला की लागवड थांबवावी लागली. स्फॅग्नम शेवाळाची रोपं ट्रेमध्येच झाकून ठेवली आणि आम्ही ओघळी बघायला निघालो. खरं तर ओघळी बघाव्यात त्या अशाच पावसात.

इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमधला हा ६३६ मीटर उंचीचा, सपाट माथ्याचा डोंगर. वर पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा, जाड थर आहे. सतत पाण्याखाली राहिल्याने मेलेलं शेवाळ पुरतं कुजत नाही आणि वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर थर चढतो. मँचेस्टर-शेफील्डच्या कारखान्यांच्या धुराने इथलं शेवाळ मेलं, आगी लागल्या, उरलंसुरलं मेंढ्यांनी खाल्लं. उघड्या पडलेल्या पीटमध्ये मग पाण्याने ओघळी खोदल्या.

पहिल्या ओघळीत बांध नव्हते. पुरुषभर खोल, आणि पाणी काळंकुट्ट. काठाचं हातभर जाडीचं ढेकूळ डोळ्यांदेखत सुटलं आणि गेलं. शेकडो वर्षांची साठवण होती ती! मला फार वाईट वाटलं.

पलीकडच्या ओघळीत दगडी बांध आहेत. तोच पाऊस तिथे पायरीपायरीने उतरत होता. बांधांमागे गाळ बसलाय, गाळात कॉटनग्रास उगवलंय आणि त्याच्या कडेने स्फॅग्नम पसरतंय. स्वतःच्या वजनाच्या वीसपट पाणी धरून ठेवणारं शेवाळ हे. शेवटच्या बांधावरून पडणारं पाणी तपकिरी होतं, पण त्यातून तळाचे खडे दिसत होते. रोपं कितीही लावा, आधी पाणी अडलं पाहिजे, हे माझं मत त्या दिवशी पक्कं झालं.

परतताना एक माउंटन हेअर, म्हणजे हिवाळ्यात पांढरा होणारा डोंगरी ससा, दिसला. एकोणिसाव्या शतकात शिकारीसाठी इथे सोडलेल्या सशांचा हा वंश. इंग्लंडमध्ये तो फक्त याच भागात उरलाय. बर्फ कुठेच नव्हता आणि हा अजून पांढराशुभ्र, काळ्या पीटवर लांबूनही लपत नव्हता. त्याच्यासाठी आमच्याकडे बांधासारखा उपाय नाही, याची चुटपूट लागली.

संध्याकाळी पहिल्या ओघळीत बांध कुठे घालायचे त्या जागा नकाशावर टिपल्या. दगड हेलिकॉप्टरनेच वर आणावे लागतात आणि गोल्डन प्लवर, डनलिन, कर्ल्यू हे पक्षी घरट्यांना लागले की तिथे गोंगाट चालत नाही. म्हणून आता तिथलं काम विणीचा हंगाम सरल्यावरच. तोवर काठ किती सरकतो ते कळावं म्हणून खुंट्या मारून आलो.