ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर वर्गसमीकरणाच्या आलेखाचे छेदनबिंदू काढताना

महाराष्ट्रात मराठी माध्यमातून शिकताना वर्गसमीकरण सोडवण्याच्या तीन पद्धती आम्ही गिरवल्या होत्या: अवयव पाडणे, पूर्ण वर्ग करणे आणि सूत्रात किमती घालणे. दहावीच्या परीक्षेला कॅल्क्युलेटर नेण्याची मुभा नव्हती. पुढे अमेरिकेत, न्यू जर्सीला आल्यावर मी कम्युनिटी कॉलेजात ‘कॉलेज अल्जिब्रा’ हा विषय घेतला, तेव्हा आवश्यक साहित्याच्या यादीत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-८४ प्लस हा ग्राफिंग कॅल्क्युलेटर होता आणि काही उत्तरे आलेखावरूनच काढून दाखवायची होती.

पहिले उदाहरण तिकडच्या पुस्तकांत हमखास असते त्या धाटणीचे होते. ८० फूट उंचीवरून, सेकंदाला ६४ फूट या वेगाने चेंडू सरळ वर फेकला, तर तो जमिनीवर केव्हा पडेल? अंतर फुटांत असल्यामुळे गुरुत्वीय त्वरण ३२ धरले जाते, त्याचे निम्मे १६, आणि समीकरण होते वाय = −१६एक्स² + ६४एक्स + ८०. यात एक्स म्हणजे वेळ आणि वाय म्हणजे उंची. चेंडू जमिनीवर पडतो तेव्हा वाय ० असते, म्हणजे आलेख एक्स-अक्षाला छेदतो ते बिंदू, अर्थात समीकरणाची मुळे, हवी असतात. अवयव पाडणाऱ्याला −१ आणि ५ ही मुळे लगेच दिसतात. प्रश्न ती यंत्राकडून काढून घेण्याचा होता.

‘वाय इज इक्वल टू’ या बटणावर समीकरण भरताना पहिली गोम लक्षात येते. या यंत्रावर वजाबाकीचे बटण वेगळे आणि ऋण संख्येचे, कंसातले उणे चिन्ह असलेले बटण वेगळे आहे. सुरुवातीचे −१६ वजाबाकीच्या बटणाने लिहिले, तर आलेख काढताना ‘सिंटॅक्स’ची चूक दाखवली जाते. स्क्रीनवर ऋण चिन्हाची रेघ किंचित आखूड आणि वर सरकलेली दिसते, एवढीच काय ती खूण.

त्यानंतर ‘झूम’मधला सहावा पर्याय घेतला, की दोन्ही अक्षांवर −१० ते १० ही ठरावीक चौकट मिळते. या चौकटीत आमचा आलेख म्हणजे जवळजवळ उभ्या दोनच रेघा दिसत होत्या. उलट्या वाटीसारखा आकार कुठेच नव्हता, कारण त्याचा शिरोबिंदू, म्हणजे सर्वांत उंच बिंदू, एक्स २ असताना १४४ फुटांवर आहे. म्हणून ‘विंडो’मध्ये जाऊन एक्स −२ ते ६ आणि वाय −५० ते १६० असे स्वतः भरावे लागले. माझ्या मते या सगळ्या प्रक्रियेत खरे गणित इथेच आहे. आलेख साधारण कुठे असेल याचा अंदाज आधी वहीत केलेला नसेल, तर यंत्र रिकामी स्क्रीनही तितक्याच निर्विकारपणे दाखवते.

अनेक जण ‘ट्रेस’ घेऊन बाणाने रेषेवरून चालत मूळ गाठू पाहतात. ठरावीक चौकटीत तसे केले, की कर्सर ४.८९३६१७ वरून थेट ५.१०६३८३ वर उडी मारतो आणि उंची सुमारे १०.०३ वरून −१०.३९ होते, ५ मध्ये येतच नाही. याचे कारण स्क्रीनच्या ठिपक्यांत आहे. आलेखासाठी आडवे ९५ ठिपके असतात, म्हणजे वीस एककांचे ९४ भाग पडतात आणि प्रत्येक पाऊल सुमारे ०.२१२८ चे होते. चिन्ह बदलले एवढेच यातून कळते, आणि पुढच्या पायरीला नेमके तेच हवे असते.

ती पायरी म्हणजे ‘सेकंड’ आणि ‘ट्रेस’ दाबून उघडणाऱ्या यादीतला दुसरा पर्याय, ‘झीरो’. यंत्र आधी डावी मर्यादा विचारते, मग उजवी, आणि शेवटी अंदाज. मर्यादा बाणाने ठरवता येतात, पण मी सरळ आकडे टाइप करते: ४, एंटर, ६, एंटर, अंदाज ५, एंटर. दुसऱ्या मुळासाठी हेच −२ आणि ० या मर्यादांनी करायचे. वाय-अक्षावरील छेदासाठी ‘व्हॅल्यू’ हा पर्याय घेऊन ० भरले, की ८० मिळतात. अर्थात स्थिर पद पाहून ते तसेही कळतेच. कधी कधी मुळाशेजारी वायची किंमत ० ऐवजी ‘−१ई−१२’ अशी, म्हणजे −१ गुणिले १० चा −१२ वा घात, येते. ही गणनेतली सूक्ष्म त्रुटी असून ती शून्यच मानायची असते. चेंडूच्या उदाहरणात −१ हे मूळ सोडून द्यावे लागते, कारण वेळ फेकल्यापासून मोजलेली आहे.

यंत्राची खरी सोय अवयव पडत नाहीत तिथे जाणवते. −१६एक्स² + ४८एक्स + ६ या राशीचे धन मूळ यंत्र ३.१२०१८५२ असे देते. सूत्राने तेच ६ आणि वर्गमूळ ४२ यांची बेरीज भागिले ४ असे येते, आणि प्रश्नात ‘अचूक उत्तर’ मागितले असेल तर दशांश लिहून चालत नाही.

सर्वांत जास्त वेळ गेला तो एक्स² − ६एक्स + ९ या उदाहरणात. येथे विवेचक, म्हणजे सूत्रातली वर्गमुळाखालची संख्या, शून्य आहे, आलेख अक्षाला फक्त टेकतो आणि चिन्ह बदलत नाही, त्यामुळे ‘झीरो’ घेतल्यावर ‘नो साइन चेंज’ असा संदेश येऊ शकतो. विवेचक ऋण असून आलेख अक्षाला मुळी भेटतच नसेल, तेव्हाही हाच संदेश मिळतो, म्हणून नुसत्या संदेशावरून मूळ नाही असे ठरवता येत नाही. अशा वेळी त्याच यादीतला ‘मिनिमम’ हा पर्याय वापरायचा. त्यातून आलेली एक्सची किंमत ३ च्या अगदी जवळची, पण लांबलचक दशांशाची असू शकते. मग ‘व्हॅल्यू’मध्ये ३ भरून वाय बरोबर ० येते हे पाहायचे आणि उत्तर ३ असे लिहायचे.