अठ्ठ्याण्णव तारखेची बाटली

मे महिन्यातला सोमवार. आमच्या लॅबमध्ये टपालाच्या थैल्यांचा ढीग. इथे इंग्लंडमध्ये ५० ते ७४ वयाच्यांना दर दोन वर्षांनी आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीचं किट घरी येतं. शी पाण्यात पडायच्या आत झेलायची, बाटलीच्या टोपणाच्या काडीने खरवडायची, काडीच्या खाचा भरल्या की टोपण लावून तारीख लिहायची आणि पाकीट टपालपेटीत. २०१९ पर्यंत पुठ्ठ्याचं कार्ड होतं, त्यावर तीन वेळचे नमुने लावावे लागायचे. आता एकदाच पुरतं. तरी घोळ होतातच. कुणी बाटलीत चमचाभर कोंबून पाठवतं, कुणी काडीच विसरतं. पण माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त घोळ तारखेचा.

तारखेशिवाय बाटली बाद, कारण आम्ही मोजतो ते डोळ्यांना न दिसणारं रक्त. त्यातलं हिमोग्लोबिन दिवसागणिक विरत जातं. बाटलीतल्या द्रवामुळे ते टिकतं, पण किती दिवस? शिळ्या नमुन्यात आकडा कमी येतो आणि माणूस उगाच निर्धास्त होतो. बाद झाल्यावर नवीन किट जातं खरं, पण हे सगळं पुन्हा करायला किती जण बसतात?

तर शेजारच्या टेबलावरची सहकारी एक बाटली उंच धरून हसत होती. ‘अठ्ठ्याण्णव तारीख, चौथा महिना!’ बाटली निघाली बादच्या ट्रेकडे. मी सहज मान वळवली. वाटाण्याएवढ्या जागेत, थरथरत्या हाताने लिहिलेलं: १४/५. आमच्या आजीच्या दुधाच्या हिशेबाच्या वहीतला एक असाच असायचा, वर गोल डोकं, खाली लोंबती शेपटी. इंग्रजी डोळ्यांना तो नऊ. चार म्हणजे आठ. पाच तर इंग्रजी चारचा सख्खा भाऊ.

‘चौदा मे. तीनच दिवसांपूर्वीची आहे,’ मी म्हटलं.

सुपरवायझर आली. तिने माझ्याकडून एक ते नऊ आकडे कागदावर लिहून घेतले, बाटलीशी ताडून पाहिले, पाकिटावरचा टपालाचा शिक्का पाहिला आणि बाटली मशीनवर चढवायला सांगितली. लिहिणारं मराठीच असेल असं नाही, हिंदी किंवा नेपाळीही असू शकेल. नाव बघायचा मोह मी आवरला. आकडा आला ९. खराखुरा ९. पुढच्या तपासणीला तेव्हा बोलवायचे १२० पासून, त्यामुळे ते माणूस सुटलं.

माझं म्हणणं एवढंच होतं की चूक लिहिणाऱ्याची नव्हे, लेबलची. महिने छापून द्या, गोल करायला सांगा, जागा तरी अंगठ्याएवढी ठेवा. सुपरवायझरने ते लिहून घेतलं. माझा आकड्यांचा कागद ट्रेच्या वर चिकटवला गेला आणि मी दहा दिवस लॅबमध्ये विद्वान होते.

मग एक बाटली आली, तारीख अठ्ठावीस. ‘ही तर उद्याची!’ सहकारी म्हणाली. मीही अठ्ठावीसच वाचलं. शेवटी ड्युटीवर असलेल्या, बांगलादेशातल्या सिल्हेटच्या गार्डला बोलावलं. तो म्हणाला, ‘चोवीस. आमचा चार असाच असतो.’