मंडल, चोपता, तुंगनाथ: पानभुंगेरे शोधायला जाणाऱ्यांसाठी

उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातलं मंडल हे गाव पक्षी बघणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. आम्ही तिथे गेलो ते मात्र चार-पाच मिलिमीटर लांबीच्या, निळ्या चकाकीच्या एका पानभुंगेऱ्यासाठी. या भागातून पूर्वी आलेला त्याचा एकच नर आमच्याकडे होता. त्याचं जननेंद्रिय (यांच्या जाती त्यावरूनच ओळखतात) सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर ते वर्णन झालेल्या कुठल्याच जातीशी जुळेना. एका नमुन्यावर नवी जात जाहीर करायला नियमांची आडकाठी नाही, पण मला ते पटत नाही. मादी कशी दिसते, जातीच्या आतच रंग-आकार किती बदलतो, ती काय खाते, यातलं काहीच माहीत नसताना नाव देऊन मोकळं व्हायचं आणि निस्तरायचं पुढच्याने, हे बरं नाही. आम्हाला नर-माद्यांची एक मालिका हवी होती आणि खाद्यवनस्पती हवी होती.

क्रायसोमेलिडी हे पानभुंगेऱ्यांचं कुळ प्रचंड मोठं आहे, जगात 35,000 हून अधिक जातींची नोंद आहे. आपल्याकडच्या शेतकऱ्याला यातले काही रोजचे ओळखीचे: काकडी-भोपळ्यावरचा लाल भुंगेरा, द्राक्षाचे फुटणारे डोळे कुरतडणारा उडद्या, आणि गाजरगवत खावं म्हणून 1984 मध्ये भारतात सोडलेला मेक्सिकन भुंगेरा. हिमालयात या कुळाला वेगळाच बहर आहे. एकाच डोंगरउतारावर दीड हजार मीटरपासून साडेतीन हजारांपर्यंत जंगलाचे पट्टे बदलत जातात, आणि उंचावरच्या अनेक जातींचे पंख खुरटलेले असतात. उडताच येत नसल्याने एका धारेवरचे भुंगेरे शेजारच्या धारेवर पोचत नाहीत. नवी जात सापडण्याची शक्यता अशा ठिकाणी खरोखर असते.

आधी परवानगीचं. चोपता-तुंगनाथचा परिसर केदारनाथ वन्यजीव अभयारण्याला लागून आणि काही ठिकाणी त्याच्या आत आहे. अभयारण्यात एक मुंगीसुद्धा उचलायची तर राज्याच्या मुख्य वन्यजीव प्रतिपालकांची लेखी परवानगी लागते, रस्त्याकडेचं गवत झोडपायचं असलं तरीही. गावाजवळची बरीच जंगलं वनपंचायतीच्या ताब्यात असतात, तिथे सरपंचांना भेटून काय करणार आहोत ते सांगावं. आम्ही डब्यातले भुंगेरे दाखवले तेव्हा एक बाई म्हणाल्या, "ये नीला वाला तो हमारे जंगली पालक में भरा रहता है, सर जी." त्यांच्या मागे गेलो, तर खरंच रानपालकाची, म्हणजे रुमेक्सची पानं चाळणी झालेली. ते आमचे भुंगेरे नव्हते, तो ऑल्टिका हिमेन्सिस, म्हणजे दुसराच एक निळा पानभुंगेरा दिसत होता. तरी तुलनेसाठी तेही हवेच होते, आणि मुख्य म्हणजे त्या बाईंची नजर पुढे फार कामी आली.

कुर्ल्याहून हरिद्वारला थेट गाडी आहे. तिथून ऋषिकेश, देवप्रयाग, श्रीनगर, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, चमोली, गोपेश्वर आणि मग मंडल. परतताना चोपत्यावरून उखीमठमार्गे रुद्रप्रयागला उतरलं की वर्तुळ पुरं होतं आणि दोन्ही उतारांवरचे नमुने मिळतात. मे-जूनमध्ये चारधामची गर्दी, जुलै-ऑगस्टमध्ये दरडी. पाऊस ओसरताना, सप्टेंबरात, जावं. पैसे गोपेश्वरलाच काढून ठेवा. मुक्काम मंडलला करा, चोपत्यात नको: चोपता साधारण 2,700 मीटरवर आहे, रात्री बोटं आखडतात आणि बारीक काम होत नाही.

सामानात सगळ्यात अडचणीचं असतं अल्कोहोल. डीएनएच्या कामासाठी 95 टक्क्यांचं लागतं आणि 70 टक्क्यांहून तीव्र अल्कोहोल विमानात नेता येत नाही, रेल्वेतही ज्वलनशील द्रव नेणं गुन्हा आहे. डोंगरातल्या दुकानात ते मिळेल या भरवशावर राहू नका. गढवालमधल्या एखाद्या महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेशी आधी बोलून ठेवा, आणि त्या लोकांना कामात सहभागीच करून घ्या. आमच्याबरोबर तिथला एक वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र होता. तो नसता तर अर्धी सफर वाया गेली असती.

कारण पानभुंगेऱ्याची ओळख निम्मी त्याच्या झाडात असते. ऑल्टिकासारख्या वंशात सगळेच निळे, सगळेच गुळगुळीत, वरून बघून दोन जाती वेगळ्या करणं जवळपास अशक्य. पण एक जात एकाच झाडाला किंवा त्याच्या जवळच्या नातलगांना चिकटून असते. स्वीप नेट फिरवलं की जाळीत दहा झाडांवरचे भुंगेरे एकत्र येतात आणि ही माहिती तिथेच मरते. म्हणून जाळी फक्त सुरुवातीला, कुठे काय आहे याचा अंदाज घेण्यापुरती वापरा. नंतर गुडघे टेकून एकेक झाड बघायचं. पिसूसारखे उड्या मारणारे हे भुंगेरे पानावर बारीक भोकं पाडतात, त्यांच्या अळ्या पानाचा गर खाऊन शिरा तेवढ्या ठेवतात. ताजी भोकं दिसली की पानाखाली कुपी धरायची आणि मग पानाला हात लावायचा. हात आधी लावलात तर तो गेलाच. मागच्या जाड मांडीत कडक कायटिनची गुंडाळलेली स्प्रिंग असते, ती सुटली की भुंगेरा नजरेच्या टप्प्याबाहेर जातो.

पानावर बसलेला भुंगेरा ते पान खातोच असं नाही. ऊन खायला, पाऊस टाळायला तो कुठेही बसतो. खात्री करायची एकच रीत: जिवंत भुंगेरा आणि त्याच झाडाचं स्वच्छ, अखंड पान एका डबीत रात्रभर ठेवा, शेजारच्या डबीत दुसऱ्या झाडाचं पान. सकाळी भोकं आणि विष्ठा कुठे आहे ते बघा. झाडाची फांदी फुला-फळासकट दाबून वाळवा आणि तिला भुंगेऱ्याचाच क्रमांक द्या. "बहुधा अमुक वनस्पती" असं लिहिलेल्या जुन्या नोंदींनी या विषयात दशकानुदशकं गोंधळ घातला आहे.

आमचा निळा भुंगेरा खर्सूच्या (उंचावरच्या ओकच्या) जंगलाच्या कडेला, एका खुरट्या रोपावर मिळाला. नर, माद्या, अळ्या, सगळं. त्या संध्याकाळी चुलीपाशी बसून डब्या पुन्हा पुन्हा उघडून बघितल्या. झाडाचं नाव आणि नेमकी जागा इथे लिहीत नाही, ती शोधनिबंधात येईल. तुम्हीही हे पथ्य पाळा. ठरवलेलं नाव आधीच फोटोसकट समाजमाध्यमांवर टाकलं, तर वर्णनाविना फिरणारं एक नाव तयार होतं आणि पुढच्या अभ्यासकाला ते उगाच निस्तरावं लागतं.

तुंगनाथच्या वाटेवर, तीन हजार मीटरच्या वर, झाडं झोडपून फारसं हाती लागत नाही. तिथे शेवाळाकडे वळा. बेनेडिक्टस वंशातले इवलेसे भुंगेरे शेवाळातच राहतात, आणि हा वंश हिमालयात सापडतो. खडकावरचं ओलं शेवाळ पांढऱ्या कापडावर चाळून घ्यायचं आणि धीर धरून बघत बसायचं, ते पहिली काही मिनिटं हलत नाहीत. घेतलेलं शेवाळ चाळून झाल्यावर होतं तिथेच परत लावा. बुग्यालात, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणात, मात्र पायवाट सोडू नका, तिथली माती एकदा उघडी पडली की भरून यायला वर्षं जातात.

लेबल त्याच संध्याकाळी. राज्य, जिल्हा, जागा, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, वनस्पती. महिना रोमन अंकात लिहायचा, म्हणजे 5 आणि 6 मध्ये दिवस कोणता आणि महिना कोणता हा घोळ होत नाही. कुपीत टाकायची चिठ्ठी पेन्सिलनेच लिहा, बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.

मग टेबलावरचं काम, आणि ते सफरीपेक्षा खूप लांबतं. भुंगेरा गरम पाण्यात मऊ करायचा, पोट उघडायचं, जननेंद्रिय काढून कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात स्वच्छ करायचं, ग्लिसरिनमध्ये ठेवून खालून आणि बाजूने चित्र काढायचं. मादीची शुक्राणुपिशवीही तशीच. त्यानंतर तुलना. भारतीय उपखंडासाठी समरेंद्र मौलिक यांचे 1919, 1926 आणि 1936 चे ब्रिटिश इंडियाच्या प्राणिसंपदेवरचे खंड आजही उघडावे लागतात, आणि त्यापुढे गेरहार्ड शेरर यांचं 1969 चं जर्मन काम. मौलिकांच्या खंडांत जननेंद्रियांचं वर्णन फारच थोडं आहे, त्यामुळे खरी तुलना मूळ नमुन्यांशीच करावी लागते, आणि त्यातले बरेच लंडनला आहेत. संग्रहालयं फोटो पाठवतात. नम्रपणे, नेमका कोन सांगून मागा.

जात नवीच निघाली तर एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा आधार ठरणारा नमुना, म्हणून स्पष्ट नमूद करायचा आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला तेही लिहायचं. निबंध फक्त ऑनलाइन नियतकालिकात येणार असेल तर छापण्याआधी झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, नोंद झाली पाहिजे. भारतात 2002 च्या जैवविविधता कायद्याच्या कलम 39 प्रमाणे नव्या जातीची माहिती नेमून दिलेल्या संस्थेला कळवणं बंधनकारक आहे. प्राण्यांसाठी अशा संस्थांपैकी मुख्य म्हणजे कोलकात्याचं भारतीय प्राणी सर्वेक्षण. नमुने घरच्या कपाटात ठेवू नयेत. आपल्याकडच्या दमट हवेत एका पावसाळ्यात बुरशी धरते.

पुढच्या सप्टेंबरात जाणार असाल तर वनखात्याचा अर्ज या हिवाळ्यातच करा. अर्जात कीटकांचं कुळ, नमुन्यांची कमाल संख्या आणि ते कुठे जमा करणार हे स्वच्छ लिहा, आणि मंजुरीच्या चार छायाप्रती जवळ ठेवा: प्रत्येक नाक्यावर एक मागतात.