रूळ मधोमध नाहीये!

मी टूर मॅनेजर, पुण्या-मुंबईचे ग्रुप यूकेला नेतो. वेल्समधली तालिल्लिन रेल्वे प्रोग्राममध्ये असते ती वाफेची गाडी, फोटो, चहा एवढ्यासाठीच. पण एका ग्रुपमध्ये एक काका होते, मध्य रेल्वेतून पीडब्ल्यूआय (रुळांची देखभाल बघणारे इन्स्पेक्टर) म्हणून रिटायर, अख्खा जन्म रुळांकडे बघण्यात गेलेला. टाउइनला उतरल्या उतरल्याच म्हणाले, "माथेरानपेक्षा तीन इंच रुंद दिसतोय." बरोबर होतं, माथेरानला दोन रुळांमध्ये दोन फूट, इथे सव्वादोन.

गाडी सुटली, पुलाखालून गेली आणि काका ओरडलेच, "अहो, रूळ मधोमध नाहीये! आणि डब्याला एकाच बाजूला दारं का?" मी म्हटलं जुनं काम आहे काका, असेल वाकडं. तर म्हणे, "रूळ आपोआप सरकत नसतो, कुणीतरी मुद्दाम सरकवलाय."

अबरगिनॉल्विन स्टेशनला त्यांनी थेट गार्डलाच गाठलं, मी मध्ये दुभाषी. गार्ड एवढा खूश झाला की बस्स! त्याने सांगितलं ते असं, अमेरिकेतल्या यादवीमुळे कापूस मिळेना म्हणून मँचेस्टरच्या गिरणीवाल्या मॅककॉनेलने ब्रिन एग्लुइसच्या स्लेटच्या खाणीत पैसा घातला (त्याच युद्धाने इकडे मुंबईचे कापूसवाले मालामाल झाले, हे मी माझ्या पदरचं जोडलं), छपरावर घालायच्या त्या दगडी पाट्या खाली आणायला 1865 मध्ये ही लाईन झाली. पॅसेंजर सुरू करायचे म्हणून 1866 मध्ये सरकारी इन्स्पेक्टर कॅप्टन टायलर आला, त्याने मापं घेतली तर पुलाखालची रुंदी 9 फूट 1 इंच, डब्याची 5 फूट साडेतीन इंच, म्हणजे डबा आणि पुलाच्या मध्ये एकेका बाजूला दोन फूटही जागा नाही, आणि नियम अडीच फुटांचा. आता पूल पाडणार कोण? मग एका बाजूची दारं कायमची बंद केली आणि दारांच्या बाजूला जागा मिळावी म्हणून पुलांखाली रूळ बाजूला सरकवले. काका म्हणाले, "शाब्बास, स्वस्तात काम केलं!" मला तर हा शुद्ध जुगाड वाटला, पण अजून चालतोय.

खाण 1946 मध्ये आत कोसळल्यावर बंद पडली, मालक हेडन जोन्स मात्र जिवंत असेपर्यंत गाडी चालवत राहिले. 1950 मध्ये ते गेले आणि पुढच्याच वर्षी हौशी मंडळींनी बिनपगारी लाईन चालवायला घेतली, जगात असं पहिल्यांदाच.

बिनपगारी ऐकल्यावर काकांनी गार्डला विचारायला लावलं, रुळांच्या गँगमध्ये माणसं लागतात का? तो म्हणाला, कायम लागतात. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "आधी घरातला नळ दुरुस्त करा."