स्टेशनवरचे बाबा आणि भुरी

२० डिसेंबर, रात्री साडेनऊ

आज गाडगेबाबांची पुण्यतिथी. त्यांचे जन्मगाव शेंडगाव आमच्यापासून फार लांब नाही आणि १९५६ साली याच दिवशी त्यांनी देह ठेवला तो वलगावजवळ, म्हणजे तेही आमच्याच जिल्ह्यात. त्यामुळे दरवर्षी या दिवशी खराटे घेऊन गाव झाडायचे, ही आमच्याकडे ठरलेली गोष्ट आहे. सकाळी सातला आम्ही दहा-बारा जण शकुंतला या जुन्या नॅरोगेज रेल्वेगाडीच्या स्टेशनकडे निघालो. गाडी बंद पडल्यापासून तेथे झुडपे, तुटकी कौले आणि गेल्या दिवाळीपासून मुक्कामाला असलेले एक वृद्ध गृहस्थ, एवढेच उरले आहे. आम्ही पोचलो तेव्हा फलाट आधीच झाडून झालेला होता. गोणपाटाची घडी भिंतीला लावलेली होती आणि तिच्यावर त्यांची कुत्री भुरी अंगाचे वेटोळे करून पडली होती.

त्यांचे नाव आम्हाला अजून ठाऊक नाही. सगळे त्यांना ‘स्टेशनवाले बाबा’ म्हणतात. कुठल्याशा जिनिंगमध्ये हमाली केली, पाय मोडला आणि काम सुटले, इतकेच त्यांनी एकदा सांगितले. पुढचे कुणी खोदून विचारले नाही, हे आमच्या गावाने केलेले पहिले शहाणपण म्हणावे लागेल.

दुसरे शहाणपण मात्र उशिरा सुचले आणि त्या उशिरात माझाही वाटा आहे. नोव्हेंबरात थंडी पडू लागली तेव्हा आम्ही काही जणांनी समाजमंदिरातील मागची खोली त्यांना द्यायचे ठरवले. अट एकच होती, कुत्री बाहेर राहील. बाबांनी हात जोडले आणि म्हणाले, “मले भिंतीआड घेता, मंग हिनं कुठी जावं? रातभर माह्या पाठीशी हिचाच उबारा असते.” मला त्या वेळी राग आला होता. मिळते ते घ्यायचे नाही, वर अटी घालायच्या, असे मी घरी बोलूनही दाखवले. वास्तविक अट आम्ही घातली होती, त्यांनी नव्हे. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या भिंतीवर गाडगेबाबांची दशसूत्री रंगवलेली आहे. तिच्यात ‘बेघरांना आसरा’ आहे आणि ‘पशुपक्षी, मुक्या प्राण्यांना अभय’ही आहे. आम्ही एक ओळ पाळताना दुसरी खोडायला निघालो होतो.

हा गुंता पहिल्यांदा उकलला तो चहाच्या टपरीवरच्या वहिनींनी. त्यांनी पाहिले की एकच भाकर दिली तर बाबा आधी अर्धी भुरीला मोडतात. तेव्हापासून त्या दोन भाकरी बांधतात. एक वरणात कुस्करलेली, बिनतिखटाची आणि बिनकांद्याची, कारण कांदा कुत्र्याला बाधतो. (ठेचा मात्र बाबा स्वतः मागून घेतात.)

शाळेच्या वाटेवर कुत्री बसते म्हणून काही आयांची तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. पिसाळरोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, तेव्हा त्या भीतीला भूतदयेच्या गप्पांनी उत्तर देणे मला पटत नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टर गुरांना लाळ-खुरकुताची लस टोचायला आले होते, त्यांना मी विचारले; पुढच्या फेरीत त्यांनी भुरीला पिसाळरोगाची लस टोचली. ओळखीसाठी मुलांनीच तिच्या गळ्यात लाल नाडी बांधली. कोणतेही कुत्रे चावले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचे, हे गुरुजींनी परिपाठात सांगितले. तक्रार त्यानंतर आपोआप ओसरली.

खोलीचा प्रश्न मात्र तसाच राहिला. सरकारी बेघर निवारे शहरांसाठीच्या योजनांतून चालतात. पण २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख बेघर माणसे मोजली गेली, त्यांपैकी ८.३ लाखांहून अधिक ग्रामीण भागातली होती. खेड्यात घर नसलेला माणूस कुणाच्या तरी ओसरीवर सामावून जातो, अशी आपली समजूत असते. ओसरी मिळतेही, पण कुत्र्यासकट मिळत नाही. पशुगणनेत भटकी कुत्री वेगळी मोजतात. भुरीला त्या रकान्यात टाकावे की नाही, हे मी ठरवू शकलो नाही. भटकी म्हणावी तर तिला मालक आहे, पाळीव म्हणावी तर मालकालाच घर नाही.

आज झाडायला काही उरले नव्हते, म्हणून आम्ही तिकीटघराच्या छपरावर दोन पत्रे ठोकले आणि उघड्या खिडकीला कापसाच्या गाठींचे बारदान लावले. एकाने समाजमंदिराचा विषय पुन्हा काढला, या वेळी कुत्रीसह. बाबा थोडे थांबून म्हणाले, “अठीच बरं हाय आता.” मला ते ऐकून थोडे ओशाळल्यासारखे झाले, पण कुणी आग्रह धरला नाही.

शेकोटीपुरत्या पऱ्हाट्या त्यांच्याकडे दोन रात्रींच्याच आहेत. उद्या वेचणीला जाण्याआधी एक भारा तिकडे टाकायचा आहे आणि परवा तालुक्याला गेलो की भुरीसाठी जंताची गोळी आणायची आहे.