पुणे की परभणी?

बी.एस्सी. ॲग्री झाल्यापासून घरी येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "पुण्याला कधी निघालीस?" आमच्या औसा तालुक्यात कृषी पदवी म्हणजे एमपीएससीची पहिली पायरी, असंच धरून चालतात. खुल्या गटाला वयाची मर्यादा 38 वर्षं, म्हणजे वेळ भरपूर. आणि मला भीती वाटते ती याचीच. गल्लीतले दादा अजून "यंदा होईलच" म्हणतात. हुशार आहेत, कष्टाळू आहेत. जागाच कमी. त्यात 2025पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, म्हणजे तयारी नव्यानं.

माझा जीव तुरीत अडकलाय. बदनापूरच्या संशोधन केंद्राचा बीडीएन-711 वाण आम्ही वरच्या हलक्या रानात लावला होता. तो लवकर येतो, त्यामुळे जमिनीतली ओल संपायच्या आत शेंगा भरतात. आमची जुनी तूर तिथं फुलात असतानाच सुकायची. बाबांनी शेंग फोडली, पांढरा दाणा दाताखाली धरला आणि म्हणाले, "वाळलीय. उद्या काढायला लावू." असा वाण तयार करणाऱ्यांत मला बसायचंय. कोरडवाहू मराठवाड्याला याहून मोठं काम मला तरी दिसत नाही.

त्यासाठी वनस्पती पैदासशास्त्रात एम.एस्सी. हवी, आणि 1972च्या दुष्काळाच्या वर्षी उभं राहिलेलं परभणीचं कृषी विद्यापीठ जवळ आहे.

आई म्हणते, "सरकारी नोकरी असली की पोरीला कुणापुढं हात पसरावा लागत नाही." तिचं म्हणणं मी उडवून लावत नाही, तिनं ते भोगलंय. तरी सीईटीचा फॉर्म भरलाय. रविवारी मामा येतायत, तेव्हा विषय पुन्हा निघेलच.