योशिनो, पान ३१ ते ३४: गुलाबी रंगाशी काडीमोड

गेल्या वर्षी ओसाकात नदीकाठी जलरंगात रंगवलेला माझा साकुरा (जपानी चेरीचा बहर) आठवत असेल तर कृपया विसरा. पर्मनंट रोझ हा गुलाबी रंग पाण्यात कालवून ओतलं होतं आणि झाडांऐवजी जत्रेतले बुढ्ढी के बाल उगवले होते.

यंदा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात चित्रवही घेऊन नारा प्रांतातल्या योशिनो डोंगरावर गेले. ओसाकातल्या आबेनोबाशी स्टेशनहून खास एक्सप्रेस सव्वा तासात पोचवते. डोंगरावर तीस हजारांच्या आसपास झाडं आहेत आणि खालून वर शिमो, नाका, कामी, ओकू असे चार ‘सेनबोन’ (शब्दशः हजार झाडं), म्हणजे झाडांचे टप्पे. बहर पायथ्यापासून चढत जातो. मी गेले तेव्हा खाली पाकळ्यांचा सडा होता, कामी सेनबोन मात्र ऐन भरात.

माझी चूक कुठे होती ते इथे कळलं. शहरात दिसतो तो सोमेइ योशिनो जातीचा साकुरा. नावात योशिनो असलं तरी तो इथला नव्हे. कलमांवर वाढवलेला वाण, सगळी झाडं एकमेकांची नक्कल, म्हणून एकदम फुलतात आणि पानं मागाहून येतात. योशिनोत बहुतेक पांढरा यामाझाकुरा, म्हणजे डोंगरी साकुरा. त्याची फुलं आणि पालवी बरोबरच फुटतात. फूल जवळजवळ पांढरं, पालवी तांबूस, आणि झाडागणिक तिची छटा निराळी. लांबून डोंगरावर जी लाली दिसते तिच्यात या पालवीचा मोठा वाटा. आपल्या कुसुंबाची कोवळी पानं पाहिलेल्यांना हे लगेच पटेल.

छटा जुळवायला डहाळी हवी होती, पण तोडायची सोय नाही. एन नो ग्योजा या प्राचीन तपस्व्याने इथे साकुराच्या लाकडात झाओ गोंगेन या देवाची मूर्ती कोरली अशी कथा आहे, म्हणून हे झाड पवित्र. खाली पडलेली चार पानं वेचली आणि त्यांच्याशेजारीच बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि चिमूटभर रोझ घोटलं. जमलं!

पान ३१ वाया गेलं. मास्किंग फ्लुइडने (कागदाला रंग लागू न देणाऱ्या द्रवाने) फुलं राखली, तर कडा पत्र्यातून कापल्यासारख्या आल्या.

पान ३२ हानायागुरा या उंचावरच्या जागेच्या कठड्यावरून. खाली किन्पुसेन-जी मंदिराच्या झाओ-दो या मुख्य दालनाचं हिनोकीच्या (जपानी सायप्रसच्या) सालीचं अवाढव्य छप्पर दिसतं. या खेपेला फुलांना रंगच लावला नाही, कोरा कागद सोडला. मागे सुगीचा (आपली सुगी नव्हे, इथला सूचिपर्णी वृक्ष) काळपट हिरवा भरला आणि ओल्या कडेत तांबूस थेंब सोडले. झाड आपोआप पुढे आलं. आतापर्यंतचं माझं सर्वात बरं पान.

पान ३३ पावसाने धुतलं. १५९४ मध्ये जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी पाच हजारांचा लवाजमा घेऊन इथे फुलं बघायला आला, तेव्हा त्यालाही पावसाने तीन दिवस छळलं म्हणतात. मी छपराखाली बसून काकिनोहाझुशी खाल्ली, म्हणजे पर्सिमॉनच्या पानात गुंडाळलेली सुशी, आणि पान ३४ वर तीच रंगवली. साकुरापेक्षा चांगली झाली, याचं थोडं वाईट वाटलं.

पुढच्या रविवारी ओकू सेनबोन गाठायचंय, तिथला बहर सर्वात उशिराचा. ३०० जीएसएमचा जाड कागद त्या दमट हवेत वीस मिनिटं झाली तरी वाळत नव्हता. तुम्ही अशा वेळी रंगाचा दुसरा हात कधी देता?